बदली माणूस

ॲबर्डीन, १४ एप्रिल

बाबा,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलंच असेल. न फोडता परत पाठवायचा विचार असेल, तर एवढंच सांगते की भांडायला लिहीत नाहीये. मोबाईल तुम्ही उचलत नाही, ईमेलला उत्तर देत नाही. घरच्या फोनवर करायला मला धीर होत नाही. माझा आवाज ऐकून तुम्ही फोन ठेवलात तर मला ते सहन व्हायचं नाही, म्हणून पत्र.

मला कामावरून काढलं. आणि परत घेतलंही. मार्चमध्ये आमच्या विभागातली निम्मी माणसं कमी केली, त्यात मी होते. दहा वर्षांची नोकरी एका खोक्यात भरून घरी आणली. ते खोकं उघडलंही नव्हतं, तोवर कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या नायलचा फोन. त्याच कंपनीत, त्याच टेबलावर, समुद्रातल्या त्याच तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पाइपांचे आराखडे, फक्त आता कंत्राटावर. मी खोकं उचलून परत गेले. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी तेवढी निळीची पिवळी झाली.

आता प्रश्न असा आहे की हे काम घ्यायचं कुठल्या वाटेने. पाच मेपर्यंत ठरवून सांगायचंय. मी तुमच्याच घरात वाढले हे नायलला ठाऊक नाही, त्यामुळे त्याने मला शाळेतल्यासारखं समजावलं.

"छत्रीखाली जा, इंगा. सोपं आहे," तो म्हणाला. "अम्ब्रेला कंपनी तुला नोकरीवर ठेवते, तुझा कर कापते, पगाराची चिठ्ठी देते. तुला काही बघायला नको."

"आणि मालकाच्या वाट्याचा कर?"

"तो तुझ्याच दरातून."

"सुट्टीचा पगार?"

"तोही तुझ्याच दरातून."

"म्हणजे माझ्याच ताटातलं काढून ठेवायचं आणि सुट्टीच्या दिवशी मलाच वाढायचं?"

"वाढतात मात्र अगदी वेळेवर," नायल म्हणाला. त्याला तो विनोद वाटला नव्हता.

दुसरी वाट तुमची. स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची. मीच मालक, मीच नोकर, बिलं माझ्या कंपनीच्या नावाने. पण मग मी खरंच स्वतंत्र आहे, मागच्या दाराने आलेली नोकरदार नाही, हे काम देणाऱ्या कंपनीला पटवून द्यायला लागतं. ते खोटं ठरलं तर करखातं मागची सगळी वर्षं उकरून काढतं. तुम्ही अठरा वर्षं या भीतीसोबत जेवलात आणि झोपलात, हे मी पाहिलंय.

ऑफिसात सगळे छत्रीत चाललेत. मला रात्री झोप येत नाही. दोन्हींतलं कुठलं, एवढंच एका कार्डावर लिहून पाठवा. खाली सही नसली तरी चालेल.

इंगा

---

ॲबर्डीन, १९ एप्रिल

बाबा,

कार्ड आलं नाही. तुमच्या बेटावरची टपालाची बोट वाऱ्यामुळे चुकली असेल, असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. मग हवामान बघितलं. तुमच्याकडे वारा नव्हता.

आज एक गोष्ट घडली, ती तुमच्याशिवाय कुणाला सांगितली तर मला वेड्यात काढतील. आमच्याकडची शोना निवृत्त झाली. मधल्या टेबलावर केक, सगळे गोळा झालेले, कुणीतरी कागदाच्या बशीत एक तुकडा माझ्यापुढे धरला. आणि मी म्हटलं, "नको, थँक्यू. मला काम आहे." अजून काही ठरलेलं नाही, कंपनी काढलेली नाही, काही नाही, तरी माझा हात मागे आला. बशी धरणाऱ्याने पिवळ्या पट्टीकडे बघितलं आणि "हां, हां" म्हणत तो पुढे गेला. मी टेबलाशी जाऊन बसले. काम काहीच नव्हतं.

लहानपणी मला वाटायचं तुम्हाला गोड आवडत नाही. नंतर कळलं की तुम्ही ऑफिसच्या केकला हात लावत नव्हता, कुणाच्या वाढदिवसाच्या कार्डावर सही करत नव्हता, नाताळच्या जेवणाला जात नव्हता. चहाचा मग स्वतःचा, मोजपट्टी स्वतःची, खुर्चीसुद्धा घरून नेलेली. उद्या कुणी विचारलं, हा माणूस तुमच्यातलाच ना, तर ऑफिसातल्या एकालाही "हो" म्हणता येऊ नये. आई म्हणायची, "तुमच्या बापाला पोट कंपनीच्या नावावर भरता आलं असतं तर त्याने तेही भरलं असतं." तुम्ही हसायचात. आम्ही सगळेच हसायचो.

माझ्या लग्नात मात्र हसायला आलं नाही. सगळं ऑफिस आलं होतं, तुम्हीही तेव्हा तिथेच कंत्राटावर. साहेबांना कंपनीच्या मासिकासाठी फोटो हवा होता, वर 'आमचं कुटुंब' छापणार होते. तुम्ही ते ऐकलंत आणि माझ्या शेजारून बाजूला झालात. फोटोवाला म्हणाला, "वधूचे वडील, इकडे या." तुम्ही म्हणालात, "मी इथे कंत्राटावर आहे."

दोन वर्षं मी हे वाक्य चघळतेय. आज केकला नाही म्हणताना पहिल्यांदा वाटलं की तुम्ही माझा राग करत नव्हता, तुम्ही नुसते घाबरला होता. पण राग अजून आहेच, बाबा. त्याला इतक्या सहज जायला सांगू नका.

एक शब्द पाठवा.

इंगा

---

ॲबर्डीन, २४ एप्रिल

बाबा,

मी पहिल्या दोन पत्रांत खरं कारण लिहिलं नव्हतं. तुम्ही आधी उत्तर द्यावं, मग सांगावं, असा माझा हट्ट होता. तो आता मला परवडत नाही.

मला दिवस गेलेत. ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण कळवण्यासारखं काही उरलं नाही. या वेळी डॉक्टरणीने गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, आणि जूनपासून घरी बसायचं, पाय वर ठेवून पडून राहायचं, असं बजावलंय. मी विचारलं, "अर्धा दिवस जाऊन आले तर?" ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मिस ड्रेव्हर, मी हे बोलतेय ते ऐकायला कुणाला सोबत आणलंय का तुम्ही?"

कुणाला आणणार? नवरा म्हणून ग्रेगर आहे, पण तो समुद्रात, जहाजावर. त्यालाही आता ठरलेली पाळी नाही, बोलावतील तेव्हा जायचं, आणि नाही म्हटलं तर पुढे बोलावत नाहीत. घराचा हप्ता माझ्या कामावर चालतो.

आता बघा कसं आहे. छत्रीत गेले तर काम मीच करायला हवं, माझ्या हातांनी. आजारपणाचे थोडे पैसे देतात, पण मी काही आठवडे आले नाही की कंत्राट संपलं, असं नायलने स्वच्छ सांगितलं. लिमिटेडमध्ये मात्र ते तुमचं आवडतं कलम आहे. कंपनीने काम घेतलंय, माणसाने नाही, म्हणून कंपनी आपल्या जागी बदली माणूस पाठवू शकते. मी पडून राहीन, माझा माणूस माझ्या टेबलावर बसेल, कंत्राट जिवंत राहील.

तुम्ही अठरा वर्षं त्या कलमावर सही केलीत आणि एक दिवससुद्धा कुणाला पाठवलं नाहीत. तापातसुद्धा गेलात. ते कलम खरं असायला लागतं, नुसतं लिहून चालत नाही, हे तुम्हीच सांगायचात. म्हणून काम देणारे माझ्याकडे बदली माणसाचं नाव मागतायत.

मी सगळी नावं डोक्यात फिरवली. ज्याला हे काम येतं तो कुठेतरी गुंतलाय, नाहीतर त्याला माझंच टेबल हवंय. हा प्लॅटफॉर्म ओळखणारा, त्याच्या जुन्या पाइपांचे आराखडे हाताने काढलेला, मला रेषा ओढायला शिकवलेला एकच माणूस आहे.

तुम्ही याल का? जून ते बाळ येईपर्यंत. माझ्या घरी राहायचं नसेल तर वेगळी खोली बघते. माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. मी माझ्या खोलीत पडून राहीन.

तुम्ही नाही म्हणालात तर मी ऑफिसला जात राहणार, डॉक्टरीण काहीही म्हणो. हे धमकी म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे खरंच दुसरं काही नाही.

इंगा

---

ॲबर्डीन, २९ एप्रिल

बाबा,

मी तुमचं नाव दिलं.

विचारल्याशिवाय दिलं, माहीत आहे. वाट बघून बघून डोकं चालेनासं झालं. काल खिडकीबाहेर दिवसभर धुकं, समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती, आणि नायल फोनवर, "नाव, इंगा, नाव. त्यांना आज नाव हवंय." माझ्या तोंडून निघालं, "एर्लेंड ड्रेव्हर."

"नातेवाईक?"

"पाइपांच्या कामात चाळीस वर्षं," मी म्हटलं.

"मी ते नाही विचारलं," तो म्हणाला. पण त्याने लिहून घेतलं.

आता नीट वाचा. काम देणाऱ्या कंपनीची फिलिपा नावाची बाई तुम्हाला घरच्या फोनवर फोन करेल. दक्षिणेकडची आहे, फार गोड बोलते, आणि गोड बोलता बोलता माणसाच्या तोंडून हवं ते काढून घेते. ती विचारेल, इंगाच्या जागी कामाला जाल का. तुम्ही 'हो' म्हणायचं. पैसे कोण देणार विचारेल, तर 'इंगाची कंपनी'. नातं विचारलं तर खरं सांगा, पण आपण होऊन सांगू नका. उगाच कलमांचे आकडे सांगत बसू नका. तुम्हाला ती सगळी पाठ आहेत आणि ते ऐकून माणसं घाबरतात.

ग्रेगरला जहाजावरच्या फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या बाबांना तू बाप म्हणून हाक मारलीस तर येणार नाहीत. कंपनी म्हणून बोलावलंस तर येतील." मी त्याच्यावर ओरडले. मग वाटलं, तसंच असेल तर तसंच असू दे. कंपनी म्हणून या. मी बिल मंजूर करेन.

आज सकाळपासून पोटात थोडं दुखतंय. डॉक्टरणीला फोन केला, ती म्हणाली, घाबरू नका, पण पडून राहा. मी पडून राहिले आहे, पुस्तकावर कागद ठेवून लिहितेय.

फक्त हो म्हणा, बाबा. एवढं एकदाच म्हणा.

इंगा

---

ॲबर्डीन, ४ मे

मिस्टर ड्रेव्हर,

नायलचा फोन आला. काल फिलिपाने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. नायल बिचारा चाचरत होता. म्हणाला, "त्यांनी विचारसुद्धा केला नाही म्हणे. सरळ म्हणाले, नाही असं लिहा."

लिहिलं त्यांनी. लिमिटेडचा प्रश्न मिटला. मी उद्या छत्रीच्या कागदांवर सही करतेय. आणि जूनमध्ये ऑफिसला जाणार आहे, जुलैमध्येही जाणार आहे, पाय सुजले तर सुजू देत. मला माझ्या जागी कुणी मिळालं नाही.

मी काय मागितलं होतं? माया मागितली नव्हती. तुम्ही आयुष्यभर ज्या कलमाच्या आधारावर जगलात, ते एकदा माझ्यासाठी खरं करा, एवढंच मागितलं होतं. तेवढ्यासाठीसुद्धा तुम्हाला तुमचं बेट आणि तुमची होडी सोडवली नाही. परक्या बाईला नाही सांगितलंत, मला दोन ओळी लिहायच्या झाल्या नाहीत.

आता कार्ड पाठवू नका. फोनही नको. मूल जगलं आणि त्याने विचारलं, तर सांगेन की आजोबा कंत्राटावर होते आणि त्यांची मुदत संपली.

इंगा

---

वेस्ट्रे, ३ मे

इंगा,

हे अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. शेजारची रूबी रेंडल लिहितेय. मी सांगतोय तेवढंच लिही म्हटलंय, पण ती मध्ये मध्ये स्वतःचं घुसडणार. (घुसडत नाहीये. – रूबी)

माझे डोळे गेले, पोरी. पूर्ण नाही, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तू समोर उभी राहिलीस तर तुझे दोन्ही कान दिसतील, तोंड दिसणार नाही. दीड वर्ष होत आलं. मोबाईल वाजतो तो कुणाचा ते कळत नाही, आणि कुठे दाबायचं तेही कळत नाही. तुझी पत्रं रूबी वाचून दाखवते, दुकान बंद करून आली की. पहिल्या तिन्हींना उत्तर दिलं नाही, कारण उत्तर तिच्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे तुला डोळ्यांचं कळणार, आणि तुला कळू द्यायचं नव्हतं. चौथं काल संध्याकाळी वाचलं. (मी रोज सांगत होते, कळवा म्हणून. त्यांच्या कानांना काही झालेलं नाही, तरी ऐकत नव्हते. – रूबी)

आत्ता तुझ्या त्या फिलिपाचा फोन आला होता. गोड बोलते, खरं आहे. म्हणाली, इंगाच्या जागी कामाला जाऊ शकाल का? मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. तू सांगितलेलं सगळं पाठ केलं होतं. पण मग डोळ्यांपुढे आलं ते असं. मी तुझ्या टेबलाशी बसलोय, समोर तो चकाकता पडदा, त्यावर मला एक रेष दिसत नाही. पहिल्या दिवशी काहीतरी थाप मारीन. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तुला फोन करेल. आणि तिसऱ्या दिवशी तू उठून, बूट घालून, ऑफिसला येशील. मी तुला ओळखतो. तू येशीलच. म्हणून म्हटलं, नाही असं लिहा. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, कारण मुलीला सांगेन.

तू छत्रीखाली जा. हे मी म्हणतोय, याला रूबी साक्षीदार आहे. (आहे. आणि म्हणताना तोंड कडू झालं होतं. – रूबी) आजारपणाचे देतील ते घे, आणि कंत्राट गेलं तर जाऊ दे. एक टेबल गेलं तर दुसरं मिळतं. हप्त्याचं मी बघतो. होडी रूबीच्या पुतण्याला विकली. न दिसणाऱ्या माणसाने समुद्रात जाऊ नये असं अख्खं बेट मला सांगत होतंच, आता त्यांना एकदाचं बरं वाटलंय. यावर तू माझ्याशी वाद घालणार, तो समोरासमोर घाल.

कामावर मी तुझ्या जागी येऊ शकत नाही. घरी येऊ शकतो. बटाटे सोलायला डोळे लागत नाहीत, बोटांना कळतं. चहा येतो. दूध कुठवर भरलं ते आवाजावरून कळतं. दार उघडता येतं, आणि नायल आला तर लावताही येतं. तू पडून राहा आणि मला हुकूम सोड. लहानपणी सोडायचीस तसा.

परवा सकाळच्या बोटीने कर्कवॉल, तिथून रात्रीची मोठी बोट. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी वाटेत असेन, नाहीतर दारात. धक्क्यावर येऊ नकोस. टॅक्सीवाल्याला पत्ता तोंडपाठ सांगेन. मुक्काम किती ते ठरवलेलं नाही, परतीचं तिकीट काढलेलं नाही.

पोटात दुखायचं थांबलं का? हे आधी विचारायला हवं होतं. रूबी, हे वर लिही. (वर जागा नाही. – रूबी)

बाबा

---

वेस्ट्रे, ६ मे

इंगाबाई,

आपली ओळख नाही, पण तुमची चार पत्रं मी मोठ्याने वाचलीत, त्यामुळे मला तरी तसं वाटत नाही. तुमचे वडील आत्तापर्यंत पोचले असतील. बोटीवर मी माझ्या पुतण्याला सोबत देत होते, ते नको म्हणाले. जिन्यावर कुणी हात धरलेला त्यांना खपत नाही. तुम्ही तरी धरा. संध्याकाळी त्यांना कमी दिसतं आणि ते दिसत असल्याचं सोंग करतात. मीठ त्यांच्या हाती देऊ नका.

तुमचं दुसरं पत्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं होतं. मग कुंपण धरून किनाऱ्यापर्यंत गेले आणि जेवायला आले नाहीत. तिसरं वाचलं त्या रात्री मला म्हणाले, "रूबी, होडीचे किती येतील?" ते एवढंच बोलतात, तुम्हाला ठाऊकच आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमचं चार तारखेचं पत्र आज सकाळी टपालाने आलं. त्यांची पत्रं मीच फोडते, म्हणून सवयीने फोडलं, आणि उभ्या उभ्या वाचलं. ते काल सकाळीच निघाले. हे पत्र त्यांनी ऐकलेलं नाही. मीही त्यांना कधी सांगणार नाही.

फाडायचा मला हक्क नाही, म्हणून सोबत परत पाठवतेय. घरात कुठेही ठेवलंत तरी त्यांना ते वाचता यायचं नाही. तरी ठेवू नका.

रूबी रेंडल